गोमुखापर्यंत आता नेमकं कुठवर जाता येतं? (इंदूरहून, सप्टेंबरअखेर)

राजवाडा_इंदूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरहून ६ जणांचं गंगोत्री–गोमुख ठरतंय. चौघे चाळिशीच्या आतले, दोघे ६२ आणि ६५ वर्षांचे. दोघांनाही रोज ५ किमी चालायची सवय आहे, एकाला बीपीची गोळी चालू आहे.

विचारायचं असं की गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं मुख, आणि ती हिमनदी मागे सरकत चालली आहे, मग गंगोत्री ते गोमुख १८ किमी हे अंतर अजून तेवढंच आहे का? मुखाच्या किती जवळ जाऊ देतात? आणि ज्येष्ठांना भोजबासापर्यंत (वाटेतला मुक्काम) नेणं शहाणपणाचं आहे का? इंदूर ते इंदूर ८ दिवसांत होईल असं सगळे सांगतात, ते मनाला पटत नाही.

हिमरेषा

पटत नाही ते बरोबरच आहे, ८ दिवस कमी पडतात. पण आधी अंतराचं बघू.

गंगोत्री ते चिरबासा ९ किमी, भोजबासा १४, गोमुख १८. सगळीकडे हेच आकडे लिहिलेले असतात. भोजबासापर्यंतचे आकडे पक्के धरा, कारण ती ठिकाणं जागची हलत नाहीत. मुख मात्र हलतं. १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी मुखाचा नकाशा केला, तेव्हापासूनची मोजमापं आहेत. सरासरी वर्षाला २० मीटरच्या आसपास माघार, कधी जास्त कधी कमी. म्हणजे ३० वर्षांपूर्वी कोणी तिथे उभं राहून फोटो काढला असेल, तर आजचं मुख त्या जागेपासून साधारण अर्धा किलोमीटर तरी आत गेलेलं आहे.

सपाटीवर अर्धा किलोमीटर म्हणजे सात-आठ मिनिटं. इथे तसं नाही. बर्फ मागे गेला की जे उरतं ते मोरेन: खोलीएवढे दगड, त्यांच्या फटींत वाळू आणि पीठ झालेली माती, आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली दडलेला जुना बर्फ. तो बर्फ वितळतो तशी वरची जमीन बसत जाते. म्हणून तिथे पक्की वाट टिकत नाही. भोजबासापासून पहिले ३ किमी वाट चांगली आहे. पुढे दगडावर दगड रचलेल्या खुणा शोधत जायचं, आणि गेल्या वर्षीच्या खुणा या वर्षी खऱ्या असतीलच असं नाही. या टप्प्याला तासभर वेगळा ठेवा.

सराफा_रात्रीचा

मग गाईच्या तोंडाचा आकार दिसतो की नाही? घरच्यांना तेच बघायचं असतं.

हिमरेषा

आकार दरवर्षी वेगळा. मुख म्हणजे हिमनदीच्या टोकाशी बर्फाची उभी भिंत आणि तिच्या पोटातून निघणारी नदी. जिथून पाणी निघतं तिथे गुहा तयार होते, छत पातळ होतं, कोसळतं, मग दुसरीकडे नवी गुहा. २०१७च्या जुलैत शेजारच्या मेरू हिमनदीच्या बाजूने मोठा राडारोडा येऊन मुखासमोर पडला आणि पाण्याची वाटच बदलली. त्यामुळे जुन्या कॅलेंडरवरचं चित्र मनात ठेवून गेलात तर ते सापडणार नाही. जे दिसतं ते काळपट, मातीने माखलेलं, भेगांतून निळं झळकणारं बर्फाचं टोक. मागे भागीरथी शिखरं, उजव्या अंगाला शिवलिंग, ६,५४३ मीटर. डोळे भरून बघावं असंच आहे ते.

अगदी मुखापाशी जायला मनाई आहे. समोरून, अंतर राखूनच बघायचं. मनाईचं कारण समजून घेतलं की कोणी हट्ट करत नाही. नदी भिंतीचा पाया आतून खात असते, वरून ऊन लागतं, आणि दुपारी १२ नंतर गाडीएवढे तुकडे न सांगता सुटतात. कडेच्या उतारांवर रात्री गोठून चिकटलेले दगडही उन्हाने मोकळे होतात. म्हणून भोजबासाहून पहाटे ५.३० ते ६ ला निघून १० पर्यंत परत फिरायचं.

पाटणकर_बाजार_ग्वाल्हेर

तीर्थाचं पाणी भरायला लोक थेट मुखाखाली जातात, तेही थांबवायला हवं. पाणी भोजबासाजवळच्या काठावर भरलं तरी तेच पाणी आहे.

कावेरीकाठ

+१. आणि तिथेही सकाळीच भरा. पहाटे प्रवाह सगळ्यात कमी असतो, ऊन चढेल तसं वितळून संध्याकाळी सगळ्यात जास्त. सकाळी कोरडा असलेला काठावरचा दगड ४ वाजता पाण्याखाली असतो.

बडोदे_मांडवी

गाड्यांचं. इंदूरहून ऋषिकेशकडे थेट गाडी आहे, पण आठवड्यातले मोजकेच दिवस, आणि कधी इंदूर जंक्शनऐवजी लक्ष्मीबाई नगरहून सुटते. तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. नाही मिळाली तर दिल्ली गाठून तिथून हरिद्वार. आमच्या बडोद्याच्या लोकांना बांद्रा टर्मिनस–हरिद्वार गाडी सरळ पडते. ग्वाल्हेरकरांना पुरीहून येणारी उत्कल एक्सप्रेस थेट ऋषिकेशला नेते. ती फार लांबून येते, म्हणून उशीर धरूनच पुढची बस ठरवा.

पाटणकर_बाजार_ग्वाल्हेर

उत्कलच्या भरवशावर त्याच दिवशी उत्तरकाशी गाठायचं ठरवू नका. ऋषिकेशहून डोंगरातल्या बस पहाटेच्या असतात आणि रात्री त्या रस्त्याला वाहतूक नसते. एक मुक्काम ऋषिकेशला करावाच लागतो.

गढवाळ_वाटाड्या

रस्त्याचा तपशील देतो. ऋषिकेश – चंबा – उत्तरकाशी साधारण १७० किमी, ७ तास. उत्तरकाशी – गंगोत्री १०० किमी, कागदावर ४ तास, प्रत्यक्षात ५ ते ६. वाटेत भटवारी, गंगनानी (गरम पाण्याची कुंडं), सुक्खी टॉप, झाला, हर्सिल, धराली, भैरोंघाटी. देहरादूनला उतरणार असाल तर सुवाखोली–चिन्यालीसौडमार्गे उत्तरकाशी जवळ पडतं.

धरालीबद्दल मुद्दाम सांगतो. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगंगेच्या नाल्यातून आलेल्या लोंढ्याने तिथली बाजारपेठ गाडली गेली, माणसं गेली. जुन्या ब्लॉगमध्ये “धरालीत मुक्काम करा” असं अजून वाचायला मिळतं. ते विसरा आणि हर्सिल धरा. या अख्ख्या दरीत नाल्याच्या तोंडाशी, पंख्यासारख्या पसरलेल्या सपाट जागेवर असलेलं हॉटेल टाळा. ती सपाटी नाल्यानेच आणून टाकलेली असते, आणि तो पुन्हा तिथेच येतो.

सप्टेंबरअखेर पाऊस सरत आलेला असतो, पण डोंगर आतून भिजलेले असतात. ऊन असतानाही दरड येते. भटवारी ते सुक्खी पट्ट्यात २ ते ४ तासांचा खोळंबा गृहीत धरा. गाडीत पाणी आणि खाणं हाताशी ठेवा, टपावर बांधून नको.

माळव्याची_माती

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, इंदूरची माणसं सेवेशिवाय घराबाहेर पडत नाहीत हे जगजाहीर आहे. सेव न्या, पण पाकिटं नेऊ नका. गंगोत्रीच्या वरच्या कनखू चौकीवर (उद्यानाची तपासणी चौकी) पिशव्या, पाकिटं, बाटल्या मोजतात, अनामत घेतात, परतताना तेवढाच कचरा दाखवला की पैसे परत. २० पाकिटं असतील तर चौकीवरच अर्धा तास जातो. घरूनच सगळं डब्यांत भरा. सेव कापडी पिशवीत ठेवली तर दमट होते आणि पिशवी तेलकट होऊन बाकीचे कपडे खराब करते, म्हणून झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा. गूळपापडीच्या वड्या, सातूचं पीठ, खारे दाणे, खजूर हे उंचीवर जातं. तळलेलं फार नको, भोजबासाला भूक मरते आणि तेलकट बघवत नाही.

सराफा_रात्रीचा

आणि पोहे?

माळव्याची_माती

भाजलेल्या पोह्यांचा चिवडा न्या. ओले पोहे गंगोत्रीच्या ढाब्यात सांगितलेत तर करून देतील, पण जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला) घरून न्यायचं!

ओपीडी_नंतर

ज्येष्ठांबद्दल. इंदूर ५५० मीटरवर, गंगोत्री ३,१०० च्या आसपास, भोजबासा ३,८०० च्या आसपास. धोका चालण्याचा कमी, झोपण्याच्या उंचीचा जास्त. ऋषिकेशहून एका दिवसात गंगोत्री आणि दुसऱ्या दिवशी भोजबासा, हा नेहमीचा बेत तिशीतल्या माणसालाही डोकेदुखी आणि उलट्या देतो. मुक्काम असे ठेवा: उत्तरकाशी (१,१५० मी.), हर्सिल (२,६०० मी.), गंगोत्री, मग भोजबासा. गंगोत्रीच्या दिवशी दुपारी कनखूपर्यंत २ किमी वर चालून परत खाली येऊन झोपायचं.

बीपीची गोळी कोणती आहे हे बघा. पाण्याची गोळी (लघवी वाढवणारी) असेल तर तिथल्या कोरड्या हवेत शरीरातलं पाणी आणखी घटतं. ‘लोल’ने संपणारी असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही, चढावर लवकर दम लागतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. महिनाभर आधी स्वतःच्या डॉक्टरांना भेटून डायमॉक्सचंही (उंचीचा त्रास टाळायची गोळी) विचारा. सहसा १२५ मिग्रॅ दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, पण सल्फाची ॲलर्जी असेल किंवा पाण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय नाही.

भोजबासाला संध्याकाळी प्रत्येकाला सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत १० पावलं चालायला लावा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. सोबत घेऊन खाली उतरायचं. ३०० ते ५०० मीटर उतरलं तरी फरक पडतो.

राजवाडा_इंदूर

खूप आभार. परवान्याचं कोणी सांगेल का? आणि खेचर मिळतं का?

गढवाळ_वाटाड्या

दिवसाला १५० माणसं, त्याहून जास्त नाही. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना ऑनलाइन निघतो, उत्तरकाशीच्या वनविभागाच्या कार्यालयातही मिळतो. मे-जूनमध्ये कोटा भरतो, सप्टेंबरअखेर तेवढी ओढ नसते, तरी सुट्टी जोडून येत असेल तर आधीच काढा. ओळखपत्राच्या दोन-दोन प्रती कागदावर ठेवा, फोनमधला फोटो चौकीवर चालेलच असं नाही. चारधामची यात्रा नोंदणी वेगळी, तीही लागते. लोक एक करतात आणि दुसरी विसरतात.

खेचराचे नियम बदलत असतात. मिळेल या भरवशावर बेत करू नका. पोर्टर मात्र गंगोत्रीत मिळतो, आदल्या संध्याकाळी ठरवा. दोन ज्येष्ठांचं सामान एका पोर्टरकडे दिलंत तर त्यांची चाल निम्म्याने सोपी होते. पाठीवर पाणी, जाकीट, गोळ्या, बस्स.

रोख रक्कम उत्तरकाशीतच काढून ठेवा. भोजबासाला फोन लागेल असंही धरू नका.

विंध्यवासी

वेगळं मत मांडतो. हिमनदी मरत चालली आहे आणि आपण तिच्या अंगावर जाऊन फोटो काढतो. माझं म्हणणं आहे की १० वर्षं गोमुखाला माणूस जाऊच नये. माणसांच्या वर्दळीमुळेच ती आटतेय.

हिमरेषा

विंध्यवासी, तळमळ पोचली, पण कारण तसं नाही. हिमनदी ही सतत वाहणारी गोष्ट आहे. वर चौखंबा शिखराच्या अंगाला पडलेला बर्फ दाबला जाऊन ३० किमी खाली सरकत येतो. वरून येतो त्यापेक्षा खाली जास्त वितळला की टोक मागे जातं. हे हवेच्या तापमानाचं आणि बर्फवृष्टीचं गणित आहे. १५० माणसं रोज आली काय, न आली काय, त्याने फरक पडत नाही. माघार तर यात्रेकरूंची गर्दी नव्हती तेव्हापासून चालू आहे. फार प्राचीन काळी ही हिमनदी झालापर्यंत उतरलेली होती. हर्सिलला उभं राहून दरीचा रुंद, सपाट तळ बघा. हा आकार नदी कोरत नाही, बर्फ कोरतो.

आणखी एक. मुख किती मीटर हललं एवढ्यावरूनच हिमनदीची तब्येत कळत नाही. गंगोत्री वरून दगडमातीने झाकलेली आहे. मातीचा पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, जाड थर गोधडीसारखा त्याला जपतो. त्यामुळे टोक फार न हलताही ती उंचीने बारीक होत असते. आधी तिला येऊन मिळणाऱ्या रक्तवर्ण आणि चतुरंगी या उपहिमनद्या आता मूळ प्रवाहापासून तुटल्या आहेत. मला त्याची चिंता मुखापेक्षा जास्त वाटते.

विंध्यवासी

हे माहीत नव्हतं. पण मग कोटा कशासाठी?

भूर्जपत्र

कोटा जंगलासाठी आहे आणि तो हवाच. भोजबासा म्हणजे भोजवृक्षांची वस्ती. आज तिथे उतरलात तर भोजवृक्ष शोधावे लागतात, कारण पिढ्यानपिढ्या ते यात्रेकरूंच्या चुलीत गेले. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी तिथे कुंपण घालून पुन्हा लागवड केली. एवढ्या उंचीवर ते झाड मनगटाएवढं व्हायलाही कितीतरी वर्षं लागतात. म्हणून विनंती: साल सोलून आठवण म्हणून आणू नका, आणि भोजबासाला आंघोळीला गरम पाणी मागू नका. तिथे जळण पाठीवर किंवा खेचरावर येतं. पिण्यापुरतं गरम पाणी आनंदाने देतात, थर्मास भरून घ्या.

भरल (निळी मेंढी) वाटेत दिसतात. त्या वरच्या उतारावर असतील तर खाली थांबू नका. त्यांच्या खुरांनी सुटलेले दगड थेट वाटेवर येतात. चिरबासाच्या पुढे अशा दोन-तीन जागा आहेत. तिथे गप्पा बंद, नजर वर, आणि एकेक करून पार व्हायचं.

छत्रीबाग

थोडं विषयांतर. अहिल्याबाईंनी गंगेच्या पाण्याच्या कावडी दूरदूरच्या देवळांना पाठवायची व्यवस्था लावली होती. ते पाणी पायी जायचं, माणसाच्या खांद्यावर. इंदूरहून जाणाऱ्यांनी हे मनात ठेवून जावं.

कावेरीकाठ

सुंदर. आणि त्याच मानाने प्लास्टिकचे डबे सोडा. तांब्याची लहान कळशी घ्या, फिरकीच्या झाकणाची, रबरी वायसर असलेली. कथिलाने तोंड बंद करून घ्यायचं असेल तर उत्तरकाशी किंवा ऋषिकेशला विचारा. काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. रात्री गोठलं तर पाणी फुगतं आणि सांधा उकलतो.

तपोवन_तंबू

चौघे तरुण तपोवनला जाऊ शकतील का, असा प्रश्न येणारच. तपोवन म्हणजे गोमुखाच्या वरचं, शिवलिंगाच्या पायथ्याचं कुरण, ४,४०० मीटरच्या वर. पूर्वी गोमुखाच्या वरून हिमनदी ओलांडून जायचे. ती वाट आता फार मोडली आहे, म्हणून बरेच गट भोजबासालाच ट्रॉलीने भागीरथी ओलांडून पलीकडच्या काठाने जातात. ट्रॉली म्हणजे तारेवरचा पाळणा, हाताने दोर ओढायचा. बसलेला माणूस घाबरून वरची तार पकडतो आणि बोटं चाकाखाली येतात. हात पाळण्याच्या आतच ठेवायचे, दोर काठावरच्यांनी ओढायचा. शेवटची चढण आकाशगंगा नावाच्या ओढ्याशेजारून, सुट्या दगडांची. गाइड आणि तपोवनचा वेगळा परवाना असल्याशिवाय जायचं नाही. पहिल्याच खेपेला, ज्येष्ठांना भोजबासाला ठेवून, हा बेत करू नये असं माझं स्पष्ट मत.

बडोदे_मांडवी

ज्यांना चालणं जमतच नाही त्यांच्यासाठी: कारगिल–पदुम रस्त्यावर पेन्सी ला खिंडीतून द्रांग-द्रुंग हिमनदी गाडीत बसून दिसते. तीही मागे चालली आहे. पण खिंड ४,४०० मीटरच्या आसपास आहे. चालणं वाचतं, उंची वाचत नाही. डॉक्टरसाहेबांनी वर लिहिलंय ते तिथे आणखी काटेकोर पाळावं लागेल.

राजवाडा_इंदूर

सगळं वाचून असा बेत केला आहे, चुका दाखवा.
१ इंदूर सोडणे. २ ऋषिकेश. ३ उत्तरकाशी. ४ हर्सिल. ५ गंगोत्री. ६ भोजबासा. ७ गोमुख बघून थेट गंगोत्री. ८ राखीव. ९ ऋषिकेश. १० परतीची गाडी. ११ इंदूर.
परवाना २ दिवसांचा, सहाव्या आणि सातव्या दिवसाचा.

गढवाळ_वाटाड्या

सातव्या दिवसाची बेरीज करा. भोजबासा ते गोमुख ४, परत ४, मग भोजबासा ते गंगोत्री १४. एकूण २२ किमी, त्यातले २ मोरेनवरचे. चौघांना जमेल, दोघांना नाही, आणि उतारावर गुडघे संध्याकाळीच बोलतात. राखीव दिवस गंगोत्रीत ठेवण्यापेक्षा वर वापरा. परवाना काढतानाच तिसऱ्या दिवसाचे पैसे भरा, भोजबासाला दुसरी रात्र काढा आणि आठव्या दिवशी सकाळी १४ किमी निवांत उतरा. दरडीसाठी राखीव दिवस मग ऋषिकेशनंतर जोडा, म्हणजे एकूण १२.

ओपीडी_नंतर

अनुमोदन. आणि गोमुखाच्या सकाळी ज्येष्ठांपैकी एकाला बरं वाटत नसेल तर दुसऱ्याने किंवा तरुणांपैकी एकाने त्यांच्याजवळ थांबायचं, हे इंदूरलाच ठरवून निघा. तिथे ठरवायला गेलं की कोणीच थांबत नाही आणि आजारी माणूस “मी बरा आहे” म्हणत सोबत निघतो.

राजवाडा_इंदूर

मान्य. ६, ७ आणि ८, तीन दिवसांचा परवाना काढतो. थांबणारा मी.